आतोबांच्या टेबलात अख्खं लोधिवली

जगातली कुठलीही गोष्ट एकेकटी करायची असते, यावर आमच्या आतोबांचा काडीचाही विश्वास नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. हल्ली हा शब्द कुणी वापरत नाही, सगळे 'काका' म्हणून मोकळे होतात; पण या माणसाला काका म्हटलं तर बाकीच्या साध्यासुध्या काकांनी जायचं कुठे? कर्जतच्या बाजारात त्यांचं वह्या-पेन्सिलींचं घाऊक दुकान होतं. एकदा एक मुलगी परीक्षेला जाताजाता धावत आली आणि एक पेन्सिल मागू लागली. आतोबा चष्म्यावरून बघतच राहिले. "एक? एक पेन्सिल म्हणजे काय? डझन ने." मुलगी रडकुंडीला आली, तेव्हा आत्याने तिला मागच्या दाराने एक पेन्सिल दिली, आणि फोडलेल्या डझनाकडे बघून आतोबा त्या दुपारी जेवले नाहीत. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस मात्र घाऊकच राहिला.

मी लहानपणापासून या माणसाला बघते आहे आणि लहानपणापासूनच मला धक्के बसताहेत. वाटतं, की आता सवय झाली असेल. कुठली सवय! भेटीगाठींचंच बघा. कुणाकडे बारसं असो, कुणी गेलेलं असो, कुणाचं ऑपरेशन झालेलं असो, आतोबा लगेच जात नाहीत. साठवतात. मग महिन्यातून एक दिवस रिक्षा ठरवून सकाळपासून सगळ्यांकडे एकदम. मी एकदा सोबत गेले होते आणि पुन्हा जाणार नाही. पाचव्या की सहाव्या घरापर्यंत त्यांचा चेहरा कुठे कुठला ठेवायचा याचा गोंधळ उडाला होता. नेरळला एका बारशाच्या घरी ते पाळण्यापाशी गेले, बाळाकडे बघून मान हलवली आणि बाळाच्या आजीला म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. पण कुणाच्या हातात असतं का?" आजीचा हात पाळण्याच्या दोरीवर तसाच राहिला. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, तर रिक्षात बसल्यावर मलाच विचारतात, "का गं, म्हातारा गेला ते घर हे नव्हे का?"

भांडणसुद्धा एकेकटं नाही. आत्याने आमटीत मीठ विसरलं, टॉवेल भलत्या दोरीवर वाळत टाकला, माहेरच्यांची जास्त बाजू घेतली, सगळं पोटात ठेवायचं आणि महिनाअखेर आंघोळ करून, कपडे बदलून, समोर बसून एकदम भांडायचं. आत्या बिचारी त्या दिवशी भाजी आधीच चिरून ठेवते. वाढदिवसांचंही तेच. एक जानेवारीला सकाळी आमच्या नात्यातल्या प्रत्येक माणसाला एकच संदेश जातो: 'वर्षभरातील सर्व वाढदिवसांच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा.' झालं, वर्ष मोकळं! आणि माथेरानचं तर सांगायलाही लाज वाटते. आम्ही मोजकी सात माणसं. आतोबांनी घोडेवाल्यांशी डझनाचा भाव ठरवला, कारण सातचा भाव त्यांना करताच येईना. मग सात घोड्यांवर आम्ही आणि मागून पाच रिकामे घोडे, असे आम्ही त्या लाल मातीतून निघालो. बाजारातली माणसं हॉटेलांच्या दारात येऊन बघत होती. एकाने विचारलं, "नवरदेव कुठे आहे?" आतोबा शांतपणे म्हणाले, "सगळेच आहेत."

पण एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा लक्षात आली. हा माणूस कुणालाही एकट्याला हाक मारत नाही. घरात मी एकटीच बसलेली असले तरी "चला मंडळी, चहा घ्या" म्हणणार. आत्याला, लग्नाच्या बायकोला, अहो, "सगळे झोपा आता" म्हणणार. मला वाटायचं हा दुकानातला खाक्या. तो तसा नव्हता, हे कळायला हिराजी नावाचा माणूस मधे यावा लागला.

हिराजी लोधिवलीचे. आतोबांचं लहानपण चौकला गेलं आणि शाळेत दोघे एका बाकावर होते. आतोबा पेपरात एका प्रश्नाची बारा उत्तरं लिहायचे, एक तरी बरोबर निघेल म्हणून, तेव्हा हिराजींनी त्यांचं नाव 'डझन्या' ठेवलं. पुढे आतोबा दुकानदार झाले, हिराजींनी भातशेती धरली, पण दोस्ती अशी की दिवाळीला पोहे लोधिवलीचे आणि शाळा उघडताना हिराजींच्या पोरांना वह्या आतोबांच्या, डझनाने. मग हिराजींच्या मुलीचं लग्न आलं. मांडवात माइक अर्थातच आतोबांकडे, कारण शेकडो माणसांचे आभार एकदम मानायची संधी ते सोडतील होय? शेवटी हिराजींनी दुसरा माइक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरलेला माणूस, डोळे भरलेले. म्हणाले, "तुमी समदी आलात, आमाला लय आनंद हाय." आणि शेजारी उभ्या आतोबांच्या तोंडून, आपल्या माइकवर, चूक सुधारल्यासारखं सवयीने निघून गेलं, "आहे."

मी होते तिथे. आधी नवरदेवाकडची मंडळी हसली, मग सगळा मांडव हसला. हिराजींनी माइक खुर्चीवर ठेवला आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून पोहे बंद, बोलणं बंद. बरं, चूक झाली तर जाऊन माफी मागावी ना? आतोबांनी मागितली. घाऊक मागितली! शाळेच्या ग्रुपवर, नात्याच्या ग्रुपवर, दुकानदारांच्या ग्रुपवर एकच मजकूर: 'आजवर कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असल्यास सर्वांची क्षमा मागतो.' लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. हिराजींनी मुलाकडून मजकूर वाचून घेतला म्हणे, आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?" ते ऐकून मी आतोबांवर भडकले. "अहो, पाऊण तासाच्या रस्त्यावर राहतो तो माणूस. उठा, जा, एकदा 'चुकलो' म्हणा!" तर खाली बघत म्हणाले, "एकट्याला विचारलं की तो नाही म्हणू शकतो. सगळ्यांना विचारलं की नकार कुणाचा ते कळतच नाही."  आयुष्यभर डझनाच्या आड लपलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

वर्षं गेली. चौककडच्या त्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि सगळ्यांना शोधून आमंत्रण द्यायचं काम आतोबांनी अंगावर घेतलं. का घेतलं हे आत्याला माहीत होतं, मला माहीत होतं. सगळ्यांना आमंत्रण जाणार म्हणजे लोधिवलीलाही जाणार, आणि तिथून एक माणूस आला तर आला. त्या एका माणसासाठी आतोबा अख्खी शाळा गोळा करायला निघाले होते.

माझं काम कॉम्प्युटरचं. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. आतोबा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना डेटाबेस म्हणजे काय ते सांगितलं, त्यात एक टेबल बनवून दिलं: नाव, गाव, फोन, हयात की दिवंगत. आत्या चहा ठेवता ठेवता म्हणाली, "टेबलात काय काय भरताय हो? जेवायला जागा ठेवा." मी एक नाव भरून दाखवलं. आतोबांचा चेहरा पडला. "एक? आणि मग दुसरं? आणि मग तिसरं? मग हे यंत्र कशाला, वही काय वाईट होती?" तेव्हा मी त्यांना छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या आज्ञा, लिहायला शिकवलं. सगळी नावं एका ओळीत, कंसात, स्वल्पविराम देऊन ठेवायची, त्याला अ‍ॅरे म्हणतात. आणि मग एकच आज्ञा द्यायची, की सगळी नावं एकदम टेबलात जाऊन बसतात. मी बटण दाबलं. पन्नास नावं डोळ्याचं पातं लवायच्या आत टेबलात गेली. आतोबा खुर्चीतून उठलेच! चष्मा काढून पुसला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते आज घरी चालत आलं, असा तो चेहरा होता. "काय म्हणालीस याला? अरे?" "अरे नाही हो, अ‍ॅरे." "तेच ते. सगळ्यांना एकदम 'अरे' म्हणून हाक मारायची. किती सोपं आहे गं!"

पुढचे काही दिवस त्या घरात अ‍ॅरेशिवाय विषय नाही. आत्याचे मसाल्याचे डबे टेबलात गेले. गल्लीतली कुत्री गेली. आत्याच्या माहेरची माणसं गेली आणि मी कुत्र्यांच्या खाली सापडले. मी बजावून सांगितलं, "आतोबा, एकदम भरताय तर आधी नजर टाकत जा. चुकलं तर एकदमच चुकतं. कायम करायच्या आधी मागे घ्यायची सोय असते, ती वापरा." ते थबकले. "केलेलं मागे घेता येतं?" "हो." "किती जुनं?" मी म्हटलं, "कायम केलेलं नाही येत. त्याच्या आधीचंच फक्त." "असं होय," म्हणाले आणि पुन्हा नावं भरायला लागले. मग म्हणाले, "आणि नजर टाकत बसलो तर घाऊक कसलं ते?"

माहिती गोळा करायची रीतसुद्धा आतोबांचीच. प्रत्येक गावातल्या एका माणसाला निरोप धाडला: आपापल्या गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं, फोन, आणि प्रत्येकापुढे तो माणूस आहे की नाही तेवढं फोनमध्ये बोलून पाठवा, फोन आपोआप लिहून घेतो. मला कौतुक वाटलं. खरंच वाटलं! शेलूच्या नव्या इमारतींपासून लोधिवलीपर्यंत माणसं फोनमध्ये बोलू लागली, फोन निमूट लिहीत गेले, आणि आतोबा आलेलं सगळं उचलून जसंच्या तसं अ‍ॅरेत टाकत गेले. स्क्रिप्टमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने, मला न विचारता, एक साधी अट घातली. ज्याच्यापुढे 'आहे' तो हयात. ज्याच्यापुढे 'आहे' नाही, तो नाही. आणि दुसरी हौस म्हणजे, जो नाही त्याच्या नावामागे आपोआप 'कै.' लागावं आणि त्याच्या घरच्यांना आपोआप सांत्वनाचा निरोप जावा. सांत्वनं साठवायची सवयच ना ती!

दिवाळी होऊन गेली होती, भाताच्या झोडणीचे दिवस. सकाळी आत्याचा फोन आला, "ताबडतोब ये गं, हे कसंतरीच करताहेत." मी धावत गेले. आतोबा ओल्या पंच्याने ओट्यावर बसले होते. डोक्यावरून पाणी घेतलेलं. चेहरा पांढरा. मला बघून ते अर्धवट उठले. मग म्हणाले, "हिराजी गेला."

 "कधी? कुणी सांगितलं?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. टेबलात स्वच्छ लिहिलेलं होतं: कै. हिराजी, लोधिवली. "मला कुणी कळवलंही नाही," आतोबा म्हणाले. "कशाला कळवतील? मी कोण त्यांचा? पाऊण तासाचा रस्ता गं. पाऊण तासाचा." आणि हा माणूस, ज्याने बारशात सांत्वन केलं आणि पाच रिकामे घोडे हिंडवले, तो पंच्याचं टोक तोंडात धरून रडायला लागला. एका माणसासाठी, एकट्याने. आत्या भिंतीला टेकून उभी होती, तिलाही काय करावं कळेना. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रडतारडताच माझी नजर खालच्या ओळीवर गेली. कै. पांडुरंग, लोधिवली. त्याच्या खाली कै. सखुबाई, लोधिवली. त्याच्या खालीही कै. मी डोळे पुसले आणि पान सरकवत गेले. कै., कै., कै. बाई गं! अख्खं लोधिवली गेलं होतं. आसपासची गावंही गेली होती. कर्जतच्या बाजारपेठेतली तेवढी सगळी धडधाकट होती, अगदी नव्वदीचे वकील धरून. साथ आली की काय? पेपरात काही नव्हतं. मग माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं आणि मी स्क्रिप्टमधला तो अ‍ॅरे उघडला. हिराजी, हाय. पांडुरंग, हाय. सखुबाई, हाय. हाय, हाय, हाय, मधेच एखादा नाय, पुन्हा हाय. माणसं बोलली तसं फोनने इमानाने लिहिलं होतं. आणि आतोबांच्या स्क्रिप्टला ठाऊक होतं फक्त 'आहे'. हाय म्हणणारे गेले, नाय म्हणणारे गेले, शुद्ध बोलणारे तेवढे जगले!

"आतोबा!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. "अहो, हिराजीकाका हाय! म्हणजे आहेत! जिवंत आहेत!" आतोबांना काही समजेना. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. अंगावर पंचा, केसांतून पाणी गळतंय, आणि ते पुन्हा पुन्हा तो एकच शब्द बघताहेत. "हाय लिहिलंय," ते पुटपुटले. "त्याने हाय म्हटलं. आणि मी पुन्हा..." 

पण हे सगळं होईपर्यंत दुसरा घोटाळा घडून चुकला होता. सांत्वनाचे निरोप! ते पहाटेच आपोआप निघून गेले होते, आणि घरच्यांचे नंबर वेगळे नसल्यामुळे थेट त्या त्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर. 'कै. सखुबाई यांच्या निधनाने आपणावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मेळाव्यात दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाईल. अवश्य उपस्थित राहावे. नाश्त्याची सोय केली आहे.' आतोबांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. शेलूहून एक सूनबाई किंचाळत होती, "आमचे मामंजी समोर बसून भाकरी खाताहेत, आणि तुम्ही काय लिहिता हो? त्यांनी वाचलं आणि घास हातातच राहिला!" एका गृहस्थांनी फार शांतपणे विचारलं की नाश्ता त्यांना मिळणार की त्यांच्या घरच्यांना. मी उत्तरं देऊन देऊन घामाघूम झाले. आत्या म्हणाली, "गडबडीत कुणी खरंच गेलेला असेल तर त्याच्याकडून नको गं फोन यायला."

आणि मग दारात टेंपो थांबला. लोधिवलीचा. हौद्यात माणसं उभी, बसलेली, लटकलेली, डोक्याला गमछे, लुगड्यांना पेंढ्याची कुसळं. झोडणी टाकून, टेंपो भरून मेलेली माणसं आली होती! घाऊकात जगणाऱ्या माणसाच्या दारात देवाने घाऊकच पाठवलं. आतोबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. पुढच्या सीटवरून एक उंच, वाळका म्हातारा उतरला. हातात मोबाइल, तो वर धरलेला.

"डझन्या!" त्यांनी फाटकातूनच हाक घातली. किती वर्षांनी ते नाव त्या घरात ऐकू आलं. "बाहेर ये रं! आमी मेलो काय रं? सांग, माज्या तोंडावर सांग. ही सखू, ही बी मेली? सकाळपासून हिनं दोन भारे झोडलं न्‌ तू हिच्यासाठी उभा ऱ्हातोस दोन मिनिटं?" टेंपोतून सखुबाई ठसक्यात म्हणाल्या, "इचारा, इचारा. चांगलं इचारा त्याला." हिराजी पुढे आले. आवाज खाली आला आणि तोच जास्त लागला. "पोराला म्या बोलून सांगितलं, हिराजी हाय म्हणून. आमचं हाय तुज्या मशीनला बी समजत नाय व्हय रं? मांडवात तुला समजलं नाय, आता मशीनला समजत नाय. आमी कसं बोलायचं मंग? का मरायचंच?"

 मला वाटलं, आता आतोबा हात जोडून म्हणणार, मंडळी, सर्वांची क्षमा मागतो. मी मनात म्हणत होते, नका हो, एवढं एकदा नका. आतोबा पायऱ्या उतरले. पंच्यातच. टेंपोकडे त्यांनी बघितलंच नाही. हिराजींच्या समोर जाऊन उभे राहिले, त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला, माणूस खरा आहे ना म्हणून, आणि रडक्या आवाजात म्हणाले, "हाय. हाय रे, तू हाय."

हिराजी त्यांच्याकडे बघत राहिले. ओले केस, पंचा, लाल डोळे. "ह्यो काय अवतार? आंगोळ कुणाची रं?"

"तुझी," आतोबा म्हणाले.

हिराजींची मान खाली गेली. हातातला मोबाइल त्यांनी खिशात टाकला. "येडा हायस," एवढंच म्हणाले आणि गमछा काढून आतोबांच्या डोक्यावर टाकून खसाखसा पुसायला लागले. "थंडी वाजंल ना रं, डझन्या." आत्या डोळ्याला पदर लावून आत पळाली आणि तिने एवढ्या सगळ्या मेलेल्या माणसांसाठी चहाचं मोठं पातेलं चढवलं. त्या दिवशी घरात कप डझनाने होते म्हणून निभावलं, हे मला मान्य करावंच लागेल.

दुपारी मी स्क्रिप्ट नीट केली. 'हाय' आणि 'आहे' एकच, 'नाय' आणि 'नाही' एकच. बटण दाबलं आणि अख्खं लोधिवली एकदम जिवंत झालं. मेळावा झाला, हिराजी आले, माइकवर बोलले, "हाय"सकट बोलले, आणि आतोबा पहिल्या रांगेत तोंडावर हात घट्ट दाबून बसले होते. हसू नये म्हणून नव्हे. सवयीने काही निघू नये म्हणून.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी. पण काही महिन्यांनी मी आतोबांचा लॅपटॉप साफ करायला घेतला आणि पुन्हा हबकले. टेबलात एक ओळ तशीच होती. कै. हिराजी, लोधिवली. मी तर सगळी दुरुस्त केली होती! म्हणजे कुणीतरी पुन्हा, स्वतःच्या हाताने, एकच ओळ, एकेकटी, बदललेली होती. घाऊक माणसाने आयुष्यात पहिल्यांदा किरकोळ काम केलं होतं. मी लगेच ती नीट करायला गेले तर आतोबांनी माझं मनगट धरलं. "राहू दे गं."

"अहो, राहू दे काय? ते दर गुरुवारी येतात, अजून दुरुस्त केलं नाहीस म्हणून तुम्हाला शिव्या देतात, आणि मी ती थट्टा समजत होते! चहा पितात आणि जातात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे!"

"म्हणूनच. दुरुस्त झालं तर तो कशाला येईल?"

"नुसतं 'ये' म्हणा की त्यांना."

आतोबांनी लॅपटॉप हळूच मिटला. "एकट्याला? आणि नाही म्हणाला तर?" मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्याच गुरुवारी हिराजी निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. आता यांना तरी सांगून टाकावं, म्हणून तोंड उघडलं, तर तेच माझ्याकडे वाकून म्हणाले, "पोरी, तुला ती मशीन समजते ना गं?" मी म्हटलं, हो. "मंग तुला म्हाईत असंल माजं नाव कुनी मारून ठेवलंय त्ये. हात नको लावू त्याला. आता रोज काय मला कारन घावतंय यायला? हाय त्ये बरं हाय." आणि टेंपोत बसून निघून गेले. मी फाटकाची कडी धरून उभीच.

आता दोघेही थकलेत. आतोबांना जिना उतरवत नाही, हिराजींना चढवत नाही. गुरुवारी टेंपो फाटकाशी थांबतो, वरच्या खिडकीत आतोबा आधीपासून बसलेले असतात, आणि खालून हाक येते, "डझन्या, अजून मेलेलाच हाय का रं मी?"

आतोबा खिडकीतून वाकतात. मंडळी नाही, सगळे नाही, काही नाही. छातीत असेल नसेल तेवढा दम घेऊन त्या एका माणसाला ओरडून सांगतात, "हाय!"